वेल्स मास्तर

पुणेकराला दोन गोष्टी तोंडपाठ असतात. कुठलं दुकान दुपारी किती वाजता बंद होतं ही एक, आणि हिंदुस्थानात पहिल्यांदा पुण्यात काय काय झालं ही दुसरी. पहिली विचारली तर तो सांगतो, दुसरी विचारावी लागत नाही. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण ही यादी ऐकवता ऐकवता स्वारी शनिवारवाड्यापाशी आली, की तिचा सूर एकदम पडतो. तिथं नारायणरावांचा खून, गारदी, राघोबादादा आणि आनंदीबाई. पाहुण्यांना वाडा दाखवणारा प्रत्येक जण त्यांना घाबरवूनच बाहेर काढतो.

ह्याच वाड्यात एके काळी चित्रकलेची शाळा भरत होती आणि तिचा मास्तर चक्क स्कॉटलंडचा होता, हे मी आमच्या बँकेत सांगितलं तेव्हा आमचे कॅशियर नोटा मोजायच्या थांबले. "फी किती होती?" त्यांनी विचारलं. त्यांच्या टेबलावरून जगाकडे बघितलं की एवढंच दिसतं. चित्र काढणाऱ्यांच्या भाषेत ह्याला यथार्थदर्शन म्हणतात, आणि वेल्स मास्तर वाड्यात नेमकं तेच शिकवायला आले होते.

मास्तरांचं पूर्ण नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७ चा, गाव पीटरहेड. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे मासळीचं बंदर. आपल्याकडचं एखादं रत्नागिरी समजा, आंबे वजा जाता. शिक्षण ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात झालं, पण चित्रकला बहुतेक स्वतःची स्वतः शिकलेली. तरुणपणी ते कथलाच्या पत्र्यावर लोकांचे चेहरे रंगवून स्वस्तात विकत. कॅनव्हासपेक्षा पत्रा स्वस्त, आणि भिंतीवरून पडला तरी पोचा येण्यापलीकडे काही होत नाही. ही पत्र्याची गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी. पुढे तिला तांब्याची गाठ पडणार आहे.

मग लंडन. तिथं निसर्गचित्रं काढली, चेहरे काढले, रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ती लावलीही गेली. पण त्या वेळी लंडनमध्ये रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो हे दोन बडे दुकानदार बसलेले. त्यांच्या शेजारी तिसऱ्यानं पाटी लावायची म्हणजे चितळ्यांच्या शेजारी बाकरवडी विकण्यासारखं. निसर्गचित्रकाराची तर आणखीच पंचाईत. ज्याचा चेहरा काढावा तो माणूस निदान पैसे देतो. डोंगराचं चित्र काढलं म्हणून डोंगर काही देत नाही. अशात झोफनी नावाचा चित्रकार हिंदुस्थानात जाऊन, नबाबांची आणि साहेबांची चित्रं काढून, खिसे भरून १७८९ मध्ये परत आला. लंडनच्या चित्रकारांत ही बातमी कशी पसरली असेल हे, गल्लीतल्या एकाचा मुलगा अमेरिकेला गेला की काय होतं हे पाहिलेल्यांना सांगायला नको.

वेल्स निघाले तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस होतं. ह्या वयात आमच्या बँकेतला माणूस पुण्याहून शिरूरला बदली झाली तरी डॉक्टरचा दाखला आणतो.

जुलै १७९१ मध्ये ते मुंबईत उतरले. म्हणजे ऐन पावसात. समोर काय दिसलं असेल ते त्यांच्याच मुंबईच्या बारा दृश्यांत बघायला मिळतं. ही चित्रं त्यांनी १७९१-९२ मध्ये काढली, ती छापून निघाली मात्र १८०० साली. त्यात समुद्र आहे, शिडाची गलबतं आहेत, माडांच्या रांगा आहेत, महालक्ष्मीच्या बाजूला खाडीचं तोंड अडवून घातलेला तो लांबलचक बांध आहे. आणि मधे नुसती मोकळी जागा. माणसं आहेत, पण मुंगीएवढी. आजच्या मुंबईकराला ही चित्रं दाखवली तर तो पहिल्यांदा चौरस फुटाचा भाव काढील. मला त्यांत आवडतं ते आभाळ. अर्धाअधिक कागद मास्तरांनी आभाळाला दिला आहे. पैसे मिळवायला आलेला माणूस जी वस्तू कुणीच विकत घेणार नाही तिच्यावर एवढी जागा घालवतो, तेव्हा तो मनापासूनचा निसर्गचित्रकार म्हणायचा.

ह्या माणसाला पुण्याला ओढून नेलं ते चार्ल्स वॉर मॅलेटसाहेबानं. मॅलेट हा कंपनी सरकारचा पुण्याच्या दरबारातला वकील. १७८६ पासून तो मुळा-मुठेच्या संगमावर बंगला करून राहत होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचा तह त्यानं जुळवून आणला. त्याबद्दल पुढच्या वर्षी त्याला विलायतेतून सरदारकी मिळाली. सरदारकी मिळाल्यावर माणसाला जे वाटतं तेच त्याला वाटलं. ह्या प्रसंगाचा एक मोठ्ठा फोटो पाहिजे. फोटोचा शोध लागायला पन्नासेक वर्षं अवकाश होता, म्हणून चित्रकार पाहिजे.

तेव्हा १७९२ मध्ये वेल्स पुण्यात आले. काय दिवस होते! सवाई माधवराव पेशवे अठरा वर्षांचे. कारभार सगळा नाना फडणिसांच्या हाती. आणि त्याच वर्षी जूनमध्ये महादजी शिंदे बारा वर्षांनंतर फौजफाट्यासह पुण्यात आलेले, बादशहाकडून पेशव्यांसाठी आणलेला मानाचा पोशाख घेऊन. वरवर सगळं मानपानाचं, आतून नाना आणि पाटीलबुवा एकमेकांच्या तंबूत कोण जातं-येतं ह्यावर डोळा ठेवून. ह्या तिघांचं कुठल्या बाबतीत एकमत झालं असेल तर ते एवढ्याच, की ह्या साहेबाकडून आपलं चित्र काढून घ्यावं. तिघांचीही चित्रं मास्तरांनी काढली.

पेशवे आणि नाना एकत्र असलेलं त्यांचं मोठं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशवे दागिन्यांनी मढलेले आणि चेहरा कोवळा, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात राजाचं काम करायला उभा केलेल्या मुलासारखा. शेजारी नाना. सडसडीत, लांबट चेहरा आणि समोरच्याच्या मनातली बाकी काढणारे डोळे. नानांचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे तो बराचसा वेल्स मास्तरांच्या कृपेनं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे नानांविषयी मला जरा घरोबा वाटतो. फडणीस म्हणजे अखेर हिशेबाचा अधिकारी. लेजर सांभाळणाऱ्या माणसानं राज्य सांभाळल्याचं एवढं मोठं उदाहरण आमच्या धंद्यात दुसरं नाही. आमच्या युनियननं त्यांचा फोटो कधी का लावला नाही कळत नाही.

शाळा निघाली ती मॅलेटच्या पुढाकारानं आणि पेशव्यांच्या संमतीनं. वाड्याला चित्रं नवीन नव्हती. जयपूरच्या भोजराज नावाच्या चित्रकारानं वाड्याच्या भिंती रामायण-महाभारतातल्या प्रसंगांनी रंगवल्या होत्या. पण ती चित्रं वेगळ्या हिशेबाची. त्यांत जो मोठा तो मोठा. राम झाडापेक्षा उंच असेल, राजा हत्तीएवढा असेल, आणि पंखा ढाळणारी दासी पुढं उभी असली तरी लहान असेल. ह्यात चूक काहीच नाही. आमच्या बँकेत रिजनल मॅनेजर येतात त्या दिवशी आम्ही सगळे जग असंच बघतो.

वेल्स मास्तर म्हणणार, तसं नाही. जवळ ते मोठं, लांब ते लहान. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढं जाऊन एका बिंदूत मिळतात. खांबांची रांग असली तर प्रत्येक खांब मागच्याहून उंच. मग खांबामागं पेशवे का बसलेले असेनात, ते पुढच्या चोपदारापेक्षा लहानच निघणार. राजवाड्यात बसून राजाला लहान काढायला शिकवणारी ही शाळा चालू दिली, हे मला पेशवाईचं मोठेपण वाटतं. खरं म्हणजे पुणेकरांना हे शास्त्र शिकवायची गरज नव्हती. आपली पेठ मोठी, पलीकडची लहान आणि मुंबई अगदी ठिपक्याएवढी, हे आम्ही जन्मतःच जाणतो.

ह्या शाळेतला जो विद्यार्थी नावानं उरला आहे तो गंगाराम चिंतामण तांबट. जात तांबटाची. म्हणजे पिढीजात काम हंडे-घागरी घडवायचं. पत्र्यावर चेहरे रंगवत वर आलेला मास्तर आणि तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालवणाऱ्यांच्या घरातला शिष्य, अशी ही जोडी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसेल, पण पातळ पत्रा कुठं किती दाब सोसतो हे दोघांनाही ठाऊक असणार.

पण गंगारामाला मास्तरांनी घडवलं असं म्हणण्याआधी एका गेंड्याची साक्ष काढली पाहिजे.

पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथं एक गेंडा होता. गंगारामानं त्याचं चित्र काढलं, त्याच्यावर तारीख आहे नोव्हेंबर १७९०. म्हणजे वेल्स मास्तर मुंबईला उतरायच्या आधी आठ महिने. गंगाराम तेव्हाच मॅलेटसाठी चित्रं काढत होता. गेंडा हे जनावर मुळातच तांबटानं केल्यासारखं दिसतं. खांद्यावर एक पत्रा, पाठीवर एक, मांडीवर एक, आणि सांध्यांवर घड्या. ह्याच्यापूर्वी पावणेतीनशे वर्षं, १५१५ मध्ये, जर्मनीत ड्यूररनं गेंड्याचं चित्र काढलं आणि ते युरोपभर गाजलं. तो गेंडाही आपल्याकडचाच. गुजरातच्या सुलतानानं गोव्याच्या अल्बुकर्कला नजर केलेला आणि तिथून जहाजानं लिस्बनला पोचलेला. ड्यूरर सोनाराचा मुलगा. त्यानं गेंड्याला साक्षात चिलखत चढवलं, पाठीवर एक जादा शिंगही बसवलं. कारण त्यानं गेंडा पाहिलाच नव्हता. दुसऱ्यानं केलेल्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्यानं तो उभा केला. गंगारामानं मात्र शिकारखान्यात जाऊन, समोर उभं राहून, जेवढं दिसलं तेवढंच काढलं. शिंग एकच. सोनारापेक्षा तांबटाचा हिशेब चोख निघाला, एवढंच मला म्हणायचं आहे.

मग मास्तरांनी त्याला दिलं काय? दिलं बरंच. गेंडा एकटा काढता येतो, त्याच्या मागं काही नसलं तरी चालतं. पण अख्खा डोंगर, त्यावरची देवळं, पायथ्याची झाडी आणि ह्या सगळ्यामधलं अंतर कागदावर बसवायचं तर मास्तर लागतो. गंगारामाचं पर्वतीचं एक चित्र आहे, साधारण १७९५ चं. त्यात टेकडी टेकडीसारखी लांब उभी आहे. रोज सकाळी पर्वती चढणारे माझे मित्र तिथं रक्तदाब आणि शेअरबाजार ह्या दोन विषयांवर बोलतात. टेकडीचं चित्र काढावंसं त्यांतल्या कुणाला वाटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि त्याहून मोठं काम वेरूळचं. १७९४ मध्ये मॅलेट वेरूळला गेला. त्या लेण्यांची चित्रं गंगारामानं काढली. पुढल्या वर्षी मास्तर स्वतः तिथं गेले. तो काळ लक्षात घ्या. अजिंठा साहेब लोकांना 'सापडला' तो १८१९ मध्ये. त्याच्या पाव शतक आधी पुण्याचा एक तांबट वेरूळचे खांब, मूर्ती आणि मंडप कागदावर उतरवत होता. एका डोंगरातून कोरून काढलेलं कैलास लेणं उघड्यावर उभं राहून दोन डोळ्यांत मावत नाही, ते कागदावर बसवायचं म्हणजे गंमत नव्हे. एवढ्यासाठी तरी ती शाळा निघाली हे बरं झालं.

एव्हाना मास्तरांना गुंफांचं वेड लागलं होतं. १७९३ मध्ये टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे प्रसिद्ध निसर्गचित्रकार मुंबईला आले, तेव्हा त्यांना घेऊन ते घारापुरी-कान्हेरी हिंडले. श्रीमंतांचे चेहरे काढून पैसा करायला आलेला माणूस वटवाघळांच्या सहवासात दगडाच्या मूर्ती काढत बसला. मूर्ती हलत नाहीत हा त्यांचा एक गुण खरा, पण पैसे देण्याच्या बाबतीत त्यांचं वळण डोंगरावर गेलेलं.

मग १७९५ चा ऑक्टोबर आला. सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली पडले. पडले म्हणा, उडी टाकली म्हणा, त्यावर लोक अजून भांडतात. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला ते गेले. वय एकवीस. पुढच्याच महिन्यात वेल्स मास्तर कान्हेरीची चित्रं काढताना तापानं पडले आणि ठाण्याला वारले. वय अठ्ठेचाळीस. महिन्याभरात शाळेचा आश्रयदाता गेला आणि मास्तरही गेला. पुण्यात गादीवर कोण बसणार ह्याचं राजकारण असं पेटलं की चित्रकलेचा तास कुणाला आठवणार? मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली ती १८५७ मध्ये. मधली बासष्ट वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही, पण ह्या खात्यावर त्या काळात व्यवहार झालेला दिसत नाही.

मास्तर गेल्यावर जे घडलं त्यावर एखादं संगीत नाटक व्हायला हवं होतं. मॅलेटच्या घरात अंबर कौर नावाची स्त्री होती, तिच्यापासून त्याला तीन मुलं होती. मास्तरांनी तिचं चित्रही काढलं होतं. पण १७९८ मध्ये मॅलेट विलायतेला परतला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं लग्न केलं ते वेल्स मास्तरांच्या मुलीशी, सुझानाशी. तो तिच्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा. त्यांना पुढे आठ मुलगे झाले. मालक जावई झाला आणि सासऱ्याची चित्रं घरातच राहिली.

त्या जावयानं आपला मोठ्ठा फोटो मात्र सोडला नाही. मास्तरांनी केलेली सगळी रेखाटनं त्यानं टॉमस डॅनियलच्या हाती दिली, आणि डॅनियलनं १८०५ मध्ये ते भव्य दरबारचित्र पुरं केलं. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करतो आहे असा प्रसंग. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आता गंमत बघा. १७९० मध्ये वेल्स मास्तर विलायतेतच होते. आणि डॅनियलही त्या दरबारात नव्हता. म्हणजे ज्यानं मूळ रेखाटनं केली त्यानं प्रसंग पाहिला नाही, आणि ज्यानं चित्र रंगवलं त्यानं तर नाहीच नाही. आमच्याकडे अशा व्हाउचरवर कुणी सही करणार नाही. पण चेहरे खरे आहेत, कारण ते मास्तरांनी एकेकाला समोर बसवून काढले होते. तो महाल, ते खांब, ती बैठक हेही मास्तरांनी पाहिलेलं. आणि तेवढ्यासाठी आज हे चित्र आपल्याला सोन्याच्या मोलाचं आहे, कारण चित्रातला वाडा आता नाही.

त्याचं असं झालं. संगमावरचा मॅलेटचा बंगला, जिथं हे चित्रांचं सगळं वेड सुरू झालं, तो नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पेशव्यांच्या लोकांनी जाळला. शनिवारवाडा, जिथं शाळा भरली, तो फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीत गेला. त्याबरोबर भोजराजाच्या भिंतीही. म्हणजे जे पुण्यात ठेवलं ते जळलं आणि जे साहेबानं पेटीत घालून नेलं ते वाचलं. परदेशी संग्रहालयांत आपल्या वस्तू पाहून माझं रक्त इतर कुणाहीइतकंच तापतं. लोकमान्यांच्या गावात राहून ते तापायलाच पाहिजे. पण ह्या बाबतीत ते पुरतं उकळत नाही, त्याला काय करू?

उकळतं ते दुसऱ्या ठिकाणी. वेरूळच्या लेण्यांचा मोठा चित्रसंच डॅनियलनं १८०३ मध्ये लंडनला काढला. चोवीस दृश्यं. मथळ्यात लिहिलं आहे की ही जेम्स वेल्स ह्यांच्या रेखाटनांवरून. अर्पण केला आहे मॅलेटला. मास्तरांचं नाव आलं, जावयाचं आलं, डॅनियलचं तर आलंच. वेरूळला पहिल्यांदा कागद-शाई घेऊन बसलेल्या गंगाराम चिंतामणाचं नाव मथळ्यात नाही. जमा-नावे दोन्ही बाजूंना साहेबच.

त्याचं नाव उरलं ते त्याच्या स्वतःच्या कागदांमुळे. त्याची चित्रं फिरत फिरत अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात पोचली. वेल्स मास्तरांची रोजनिशीही तिथंच आहे, तेव्हा गुरू-शिष्य पुन्हा एका छपराखाली आले म्हणायचे. हे विद्यापीठ ज्याच्या नावानं चालतं तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीत मद्रासला साधा कारकून म्हणून लागला होता आणि वाढत वाढत गव्हर्नर झाला. कारकुनाच्या नावाच्या विद्यापीठात तांबटानं काढलेला पेशव्यांचा गेंडा! बढतीची परीक्षा तीनदा देऊन बसलेल्या आमच्या हेडक्लार्कना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की येलला इन्क्रिमेंट किती पडायची.

उजेडानं कागद पिवळा पडतो आणि रंग उडतात. म्हणून अशी जुनी चित्रं कायम भिंतीवर लावत नाहीत. थंड, अंधाऱ्या कपाटात सपाट ठेवतात, आणि कुणी रीतसर मागणी केली की तिथला माणूस ती बाहेर काढतो. आमच्या लॉकरसारखंच म्हणा. फक्त आमच्या लॉकरची एक किल्ली गिऱ्हाइकाकडे असते.